ऐकणारी गाडी

त्या रविवारी रंभाच्या हातून एक जरी टोपी पडली असती, तर तिची गाडी जाणार होती. अट साधी होती आणि ती तिनेच आपल्या पोटच्या पोराला, प्रणितला घातली होती. द्रोणागिरीत गोदामांच्या मागे एक मोकळा डांबरी प्लॉट आहे. तिथे रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या नारिंगी प्लास्टिकच्या टोप्या मांडल्या होत्या. त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची, टोकाच्या ड्रमला वळसा घालायचा, तसंच परत यायचं आणि फक्कीने आखलेल्या चौकोनात चारी चाकं आत ठेवून थांबायचं. सगळं मिळून एक मिनिट. टोपी पडली, चाक बाहेर गेलं किंवा मिनिटावर एक सेकंद लागला, की चावी प्रणितची आणि गाडी बुधवारी गिऱ्हाइकाच्या दारात.

मी शेजारच्या सीटवर स्टॉपवॉच घेऊन बसले होते. मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. वेळ सांगायला बरोबर एक माणूस चालेल, असं ड्रायव्हिंग स्कूलवाला शैलेश म्हणाला, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बेल्ट लावला. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. सेकंद मोजायला दुसरं कोण हवंय? आणि खरं सांगायचं तर बाहेर उभं राहून बघायची माझी छाती नव्हती.

आता ही रंभा कोण, ते सांगते. मधे बोलू नका, मला सवय नाही.

रंभा मूळ गव्हाणची, आगरी घरातली. तिच्या वडलांचे शर्यतीचे बैल होते. पंचक्रोशीत लोक थोराड, मस्तवाल खोंड शोधत फिरायचे, आणि तिचे वडील मात्र बुटकी, हलकी जनावरं घरी आणायचे. लोक हसायचे. ते म्हणायचे, "बैल दांडगा नको, ऐकणारा हवा." हे वाक्य रंभाच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ती ते आजच सुचल्यासारखं सांगते.

पुढे सरकारी संपादनात जमिनी गेल्या, मिठागरं गेली, त्या बदल्यात प्लॉट आले आणि प्लॉटांपाठोपाठ गाड्या आल्या. शेजाऱ्याने एक घेतली की दुसऱ्याने तिच्याहून हातभर उंच घ्यायची. आता त्यांच्या आळीत समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाला मारुतीच्या देवळापर्यंत मागे जावं लागतं. त्यात रंभाने घेतली कुठली, तर पंधरा वर्षं उलटून गेलेली, पुन्हा पासिंग करून घेतलेली लाल पॅलिओ. आकाराने एवढीशी, आत एक पॉइंट सहाचं इंजिन. एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीत मिळाली. आळीतल्या लोकांनी पेढे मागायच्या ऐवजी विचारलं, "रंभाबाय, पोराला काय कमी हाय का गं, ही डबी कशाला आणली?"

पोराला काही कमी नाही. प्रणितचे तीन ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात आणि दारात उभी असते ती गाडी चढायला पायरी लागते एवढी उंच. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

त्याचा बाप, रंभाचा नवरा बाळू, आयुष्यभर ट्रेलर चालवत होता. रंभाला गाडी शिकवली त्यानेच, ओस पडलेल्या मिठागरांच्या बांधावर. तीन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला मोटरसायकलवरून गेला आणि बंदराच्या रस्त्यावर एका कंटेनरखाली आला. ओळख पटवायला प्रणित गेला होता. तेव्हापासून घरातलं कुणी पाच मिनिटं उशिरा आलं की तो फोन करतो. उचलला नाही तर परत करतो. त्याची बायको, पूर्वी तिचं नाव, ती सांगते, अंघोळीला जाताना पण फोन बरोबर न्यावा लागतो.

आणि रंभाने काय केलं? वर्षश्राद्ध झालं आणि महिन्याभरात ती पॅलिओ घेऊन आली. लोकांच्या जिभेला काय हाड असतं का? नवरा गाडीखाली गेला आणि ही बया गाडी उडवते, असं तिच्या तोंडावर बोलले. मीसुद्धा एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बाई, मला रस्त्याची भीती बसली होती. रस्ता ओलांडताना पाय कापायचे माझे. भीती घरात बसून जात नाय. म्हणून म्हटलं, जी आपलं ऐकंल अशी गाडी घ्यायची आणि रस्त्यावरच जाऊन बसायचं."

ती शैलेशच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना शिकवते. मी तिथलीच विद्यार्थिनी. निवृत्त झाल्यावर हौसेने गाडी घेतली आणि ती चार महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी ठेवली. मला शिकवण्यात रंभाचे एक्केचाळीस दिवस फुकट गेले. शिकाऊ गाडीत मास्तरीणबाईंच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो, तो तिने माझ्यामुळे जेवढा दाबला तेवढा जन्मात दाबला नसेल. बेचाळिसाव्या दिवशी मी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हटलं, "मला नाही जमणार, मला गाडीत मजाच येत नाही." तर तिने मला उठवलं आणि आपल्या पॅलिओत बसवलं.

गाढेश्वरकडे जाणारा रस्ता तुम्हाला माहीत असेल. अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना झाडी. सकाळी सात वाजता तिथे कुत्रंसुद्धा नसतं. तिने दुसरा गिअर टाकला, इंजिनाने जरा आवाज चढवला आणि पहिल्या वळणावर मी चक्क देवाचं नाव घेतलं. मी देवाचं नाव घेत नाही, हे नोंदवून ठेवा. दुसऱ्या वळणावर कळलं की गाडी कुठेच सरकत नाहीये. रंभा जिकडे बघते, तिकडे गाडी जाते. जमिनीला इतकी लागून की रस्त्यातली खडी तळव्यांना कळावी. तिसऱ्या वळणावर मी हसायला लागले. चौथ्यावर ओरडले, "अजून!" आणि मग काट्याकडे पाहिलं तर तो पन्नासच्याही खाली! पन्नास! माझ्या भावाच्या मोठ्या गाडीत शंभरला मला डुलकी लागते. रंभा म्हणाली, "दांडग्या गाडीत जोर सगळा पोटातच ऱ्हातो, बाई. काढायला रस्ताच मिळत नाय. हिच्यात जेवढा हाय तेवढा सगळा वापरता येतो." त्या दिवसानंतर मला गाडी यायला लागली. का, ते मला समजलेलं नाही, आणि मला न समजलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

तर त्या गाढेश्वरच्या रस्त्यावर कुणा दीडशहाण्याने तिचा व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. 'बाळूशेठच्या बायकोला वर जायची घाई'. खाली हसणारी तोंडं. प्रणित तो पाहून हातातलं काम टाकून तडक घरी आला, हे मला पूर्वीनेच सांगितलं. नेमका पितृपक्ष. बाळूची तिथी चार दिवसांपूर्वी झालेली. तो म्हणाला, "आय, गाडी विकायची. गिऱ्हाईक बघितलंय." रंभा म्हणाली, "माझी गाडी हाय." तो म्हणाला, "मग मी घर सोडतो." रंभा शांतपणे म्हणाली, "तुला वाटतं मी आंधळी चालवते. शैलेशच्या मैदानात ये. एक जरी चूक झाली, तर माझ्या हाताने चावी देते."

शैलेश दरवर्षी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी हा टोप्यांचा खेळ ठेवतो. बक्षीस म्हणून प्रेशर कुकर असतो. यंदा कुकरकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सकाळी प्रणित आपल्या मुलीला, सहा वर्षांच्या इराला घेऊन आला. इराच्या एका वेणीला गुलाबी रिबीन आणि दुसरीला पिवळी. मला अशी विसंगती सहन होत नाही. मी म्हटलं, "अगं, दुसरी गुलाबी कुठे हरवलीस?" ती म्हणाली, "हरवली नाय. पप्पांनी घेतली." प्रणित तिला ओढत पुढे निघून गेला. त्याचे डोळे तांबारलेले होते. आदल्या दिवशी तो कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाऊन आला होता, एवढं पूर्वीकडून कळलं होतं.

मग तो जाऊन उभा राहिला कुठे, तर फक्कीच्या चौकोनाच्या बरोबर पलीकडे, दहा-बारा पावलांवर. इराचा हात हातात. शैलेश म्हणाला, "प्रणितशेठ, दोरीच्या मागे या." प्रणित म्हणाला, "मला चाक दिसलं पाहिजे. मागून काय दिसणार?" शैलेशने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. माझ्या वर्गात असता तर मी कान धरून मागे नेला असता.

शिट्टी वाजली.

पहिल्या टोप्या कशा गेल्या, मला नीट सांगता येणार नाही. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, खिडकीला डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं. रंभाचे हात मात्र स्टिअरिंगवर किती सैल होते! मुठी आवळलेल्या नाहीत, दात खाल्लेले नाहीत. मी ओरडले, "चौदा!" प्रत्येक टोपीच्या कडेने आम्ही वीतभर अंतर ठेवून जात होतो. "बावीस!" ड्रम आला. तिने ब्रेकला जरासा पाय लावला, गाडीचं नाक आत घुसलं, मागचा भाग हलकेच फिरला आणि आम्ही उलट तोंडाने निघालो. कुणीतरी टाळी वाजवली. "एकोणतीस, रंभा, एकोणतीस!" ती हसत होती. त्रेपन्न वर्षांची बाई, सणाच्या साडीचा पदर खोचून, लहान पोरीसारखी हसत होती.

परतीच्या टोप्या गेल्या. "त्रेचाळीस!" आता फक्त सरळ पट्टा आणि चौकोन. भरपूर वेळ होता. मला वाटलं, जिंकलो. मी खाली घड्याळाकडे पाहिलं आणि त्याच क्षणी तिच्या सीटखालून काहीतरी गडगडत पुढे आलं.

नारळ होता. शेंडीचा, लहानसा. त्याच्यामागे लाल फडक्याचं टोक फरफटत होतं. तो तिच्या टाचेला लागला, वळला आणि ब्रेकच्या पेडलमागे जाऊन बसला. रंभाचा पाय ब्रेकवर गेला, पेडल बोटभर दबलं आणि अडकलं.

गाडी थांबेना.

माझा पाय आपोआप पुढे दाबला गेला, शिकाऊ गाडीतला तो जास्तीचा ब्रेक जिथे असतो तिथे. तिथे नुसती सपाट चटई होती. मी हात खाली घालायला वाकले. "हात नको, बाई!" एवढंच ती बोलली. समोर चौकोन, चौकोनामागे प्रणित, प्रणितच्या हाताला इरा. प्रणित हललाच नाही. त्याला वाटलं, आई थांबणार. इरा आजीला हात हलवत होती.

देवा, मी ते अजून विसरलेले नाही.

रंभाने गिअर खाली खेचला, इंजिन किंचाळलं. स्टिअरिंग उजवीकडे मारलं आणि हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली. माझ्या बाजूच्या खिडकीत प्रणित आणि इरा, दोघं सरकत जवळ येताना मला दिसत होते. धपकन एक टोपी उडाली, मग दुसरी, टायरांचा जळका वास आला आणि गाडी थांबली. अर्धी चौकोनात, अर्धी बाहेर. खिडकीपासून इरा चार पावलांवर होती. मी स्टॉपवॉच दाबलं. एकावन्न सेकंद. का दाबलं ते मलाच ठाऊक नाही.

प्रणित इराला मागे ओढून ओरडला. "आय! मस्ती सुचते तुला? मैदानात गाडी फिरवून दाखवतेस? पोरगी उभी हाय समोर! तुझ्या नातीला मारली असतीस!"

रंभा खाली वाकली होती. तिने नारळ सोडवून वर घेतला. फडकं अर्धं सुटलं होतं आणि ते ज्या गाठीने बांधलं होतं ती सैल होऊन शेंडीला लोंबत होती. गुलाबी रिबीन. मी ती पाहिली, रंभाने ती पाहिली. बाहेर इरा रडत होती आणि तिच्या एका वेणीला तीच गुलाबी रिबीन होती. कुणी कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. प्रणितने देवीचा नारळ आणला, आईला सांगितलं तर ती हसेल, म्हणून आईच्या सीटखाली गुपचूप ठेवला. दोरा नव्हता, म्हणून पोरीची रिबीन घेतली. आईचं रक्षण व्हावं म्हणून. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय म्हणू?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाराला हात घातला. खाली उतरून तो नारळ त्याच्या नाकासमोर धरणार होते, सगळ्यांदेखत. रंभाने माझं मनगट पकडलं. त्या बाईच्या हातात केवढी ताकद आहे! तिने नारळ माझ्या कापडी पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "पिशवी बंद करा, बाई."

"रंभा, अगं—"

"तुमाला माझी शपथ हाय. एक शब्द बोलायचा नाय."

आणि ती उतरली. प्रणितसमोर उभी राहिली. चोवीस टोप्या, एकावन्न सेकंद, ब्रेकशिवाय थांबवलेली गाडी, आणि ती काय म्हणाली? "पाय सटकला रे." आणि चावी त्याच्या हातात ठेवली. प्रणितने चावी मुठीत घेतली आणि इराला उचलून तो चालता झाला. आळीतल्या दोघाचौघांनी मोबाइल खिशात टाकले. एक जण म्हणाला, "तरी सांगत होतो, डबीच ती." त्याचं नाव मला माहीत आहे, पण सांगत नाही.

माझ्या घरी पोचेपर्यंत मी दम धरला. चहाचा पहिला घोट पोटात गेला आणि मी सुटले. म्हटलं, चूक ज्याची त्याला कळली पाहिजे. पस्तीस वर्षं मी लाल पेनाने तेच केलं. चुकलेलं उत्तर बरोबर म्हणून पुढे सोडलं, तर पोरगं जन्मभर चुकत राहतं. आणि वर तू तुझी गाडी देऊन बसलीस!

रंभाने बशी खाली ठेवली. ती म्हणाली, "बाई, बापाला त्या पत्र्याखालून काढलेला त्याने डोळ्यांनी पाहिलाय. तीन वर्षं झाली, रात्री उठून पोरीच्या नाकाशी हात धरतो. आता त्याला सांगू, की तुझ्या नारळामुळे तुझीच पोरगी जात होती? तो परत उभा ऱ्हाणार नाय. गाडी काय, जाऊ दे." आणि मग तिचा आवाज चिरला. "माझी गाडी लई गुणाची होती." ती रडली. मीही रडले, रागाने.

रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. पिशवी माझ्या दारामागच्या खुंटीवर लटकत होती आणि येता-जाता मला खुणावत होती. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. मंगळवारी मी स्वतःशीच पाढे म्हणत बसले.

बुधवारी दुपारी बेल वाजली. प्रणित. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार, म्हणून तो गाडी आतून पुसत होता. तो दारातच म्हणाला, "बाई, आयच्या गाडीतून तुमी काय काढलंत का?"

"काय काढणार?"

"सीटखाली... एक वस्तू होती. देवीची. ती तिथं नाय." त्याने धुळीची बोटं शर्टाला पुसली. "ब्रेकच्या खाली चटईवर शेंडीचे केस सापडले."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझा सगळा राग कुठे गेला कुणास ठाऊक. त्याला अर्धं कळलेलं होतं आणि उरलेलं अर्धं कळू नये म्हणून तो माझ्या दारात हात जोडायच्या बेतात होता. मी म्हटलं, "मला शपथ घातलेली आहे. मी तोंडाने काहीही सांगणार नाही. मी चहा टाकायला आत जाते. माझी पिशवी दारामागे खुंटीवर आहे."

आधण उकळून उकळून आटलं, तरी मी बाहेर आले नाही. आले तेव्हा तो जमिनीवर बसला होता, खुर्ची सोडून, नारळ मांडीत घेऊन. करवंटीवर पेडलच्या रबराचा काळा पट्टा उमटला होता आणि तिथे बारीक तडा गेला होता. तो अंगठ्याने तो पट्टा पुसत होता, पुन्हा पुन्हा.

"तिला ब्रेक नव्हता," तो म्हणाला. "आणि मी पोरीला घेऊन समोर..." मग तो ढसाढसा रडला. सहा फुटी माणूस माझ्या पायपुसण्याशेजारी बसून रडला, आणि मी, जिला जगात प्रत्येकाला चार शब्द सुनवायचे असतात, एक शब्द बोलू शकले नाही. नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

जाताना त्याने रिबीन सोडवून खिशात घातली. नारळ तिथेच ठेवला. दारात थांबून म्हणाला, "बाई, मला कळलं हे आयला सांगू नका. तिने माझ्यासाठी लपवलंय. तिचं लपलेलंच ऱ्हाऊ द्या. तुमाला माझी शपथ." घ्या! आई झाली, आता मुलगा. एका नारळापायी माझ्या तोंडाला दोन कुलपं.

त्या संध्याकाळी त्याने गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि आईला सांगितलं, "त्याला मोठी गाडी पायजे होती." चावी देवघरात ठेवली. रंभा मला फोनवर म्हणाली, "बघा बाई, देवीची कृपा." मी म्हटलं, "हो, देवीचीच." जीभ दाताखाली धरून.

दसऱ्याला मला त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. अंगणात सगळ्या गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालून उभ्या. प्रणितने नारळ फोडला तो गाडीपासून चांगला दहा हात लांब, पायरीच्या दगडावर. खोबरं वाटलं, करवंट्या स्वतः गोळा केल्या. चाकाखालची लिंबं मोजून उचलली. मग तो पॅलिओच्या दाराशी गुडघ्यावर बसला आणि मोबाइलच्या उजेडात सीटखाली बघायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय शोधतोस रे?" रंभाने विचारलं.

"काय नाय, आय. कचरा."

तेवढ्यात इरा धावत आली आणि आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आज्जी, बघ! पप्पांनी माझी रिबीन परत दिली!" दोन्ही वेण्यांना गुलाबी रिबिनी. एकीच्या टोकाला काळा डाग होता, धुऊनही न गेलेला.

रंभा त्या डागाकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मी खरोखर एक शब्दही बोलले नव्हते. प्रणित अजून गुडघ्यावरच होता, तोंड सीटखाली, आणि तो तिथून डोकं वर काढत नव्हता. रंभाने इराच्या वेणीची गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली आणि म्हणाली, "अशी बांधायची. म्हणजे सुटत नाय." बाकी काही नाही. मग ती गाडीत बसली.

"आय," प्रणित उठून म्हणाला, "मी बसू का बाजूला?"

गाडी घेतल्यापासून तो तिच्यात एकदाही बसला नव्हता. तो पुढे बसला, मी आणि इरा मागे. आम्ही गाढेश्वरच्या रस्त्याला लागलो. पहिलं वळण आलं, रंभाने गिअर उतरवला, आणि मागून मला प्रणितचा पाय दिसला. ब्रेक नसलेल्या जागी, चटईवर, सगळा जोर लावून दाबलेला.

रंभाने रस्त्यावरची नजर काढली नाही. डावा हात गिअरवरून उचलून तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"पाय सैल सोड, बाळा," ती म्हणाली. "मी हाय."

दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं. चौथ्या वळणावर त्याने पाय मागे घेतला.